डिंकाशिवाय कमान

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला प्लास्टरच्या ठोकळ्यांची कमान करायची होती. सांध्यांत डिंक लावायचा नाही, ठोकळे एकमेकांच्या दाबावरच उभे राहिले पाहिजेत, असं सरांनी बजावलं होतं. आमची कमान सारखी पडायची. शेवटी माझा जोडीदार ठोकळे घेऊन बिद्रीला घरी गेला आणि सोमवारी उभी कमानच घेऊन आला. तीही एसटीतून! माझं डोकंच सणकलं. त्या एसटीत माणूस धड बसत नाही, तिथं ही कशी टिकली?

"डिंक लावलास व्हय?"

"आईशप्पथ न्हाय!"

मी सांधे हुंगले, नखानं खरवडले. डिंकाचा वास नव्हता. पण टेबलावरून मुंग्यांची रांग थेट कमानीवर चढत होती.

चाचणीत बाकीच्यांच्या कमानी वजनाखाली कोसळल्या. आमची हललीसुद्धा नाही. सर माझ्याकडेच रोखून बघत होते. "मधला ठोकळा काढला की पडली पाहिजे," म्हणत त्यांनी तो धरून वर ओढला.

अख्खी कमान त्यांच्या हातात उचलून आली.

"डिंक न्हाय सर," जोडीदार छाती काढून म्हणाला, "घरच्या गुऱ्हाळातली काकवी हाय!"