मंगळवारचं पाणी

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गटारात गाळ साचतो तसे ते आपोआप साचतात आणि कोणी ढवळलं की वर येतात! यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत मी कारकून होतो. अजूनही चार मंडळी जमली की फर्माईश होतेच, "ते नाल्याचं सांगा ना!"

तर नाला असा. गावाच्या वरच्या अंगाला शेठचा सूत रंगवायचा कारखाना. रंगाचं सांडपाणी थेट नाल्यात. नाला खाली वस्तीला वळसा घालून जायचा. वस्तीतल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं पाणी भरायच्या, कारण गावच्या विहिरीवर त्यांना कोणी उभं करत नव्हतं. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच सुमाराला आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. धर्म बदलला, राज्य बदललं, पण झिऱ्याचा रंग शेठच ठरवत राहिले. मंगळवारी लाल, बुधवारी हिरवा!

* * *

पहिली तक्रार घेऊन आली ती वस्तीतली गयाबाई. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, जीभ तिखट. म्हणाली, "माही नात मागच्या उन्हाळ्यात मरता मरता वाचली, साहेब. ते रंगाचं पानी बंद करा, नाही तं आमाले नळ द्या."

आमचे इन्स्पेक्टर हिरुळकर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण नियमाबाहेर पाऊल टाकतील तर शपथ! नव्या राज्याचे नियम यायचे होते, तोवर जुनेच चालू. जुन्यात एवढंच होतं, की सोडलेल्या पाण्याला दुर्गंधी नसावी. रंगाबद्दल अवाक्षर नाही. साहेब नाल्याकाठी उकिडवे बसले, डोळे मिटले आणि भरपूर श्वास घेतला.

"वास नाही."

"साहेब, डोये उघडून पाहा ना!"

"डोळ्यांचं नियमात नाही, बाई!"

* * *

तरी गयाबाई रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायला लागली, तेव्हा साहेबांनी सॅम्पल घ्यायचं ठरवलं. मी स्वतः बाटली भरली. मस्त लालभडक! लाखेचं सील करून ती प्रयोगशाळेकडे रवाना केली. खूप दिवसांनी बाटली जशीच्या तशी परत आली, सीलसुद्धा शाबूत. सोबत शेरा होता, 'बाटलीच्या लेबलावर पूर्वीच्या राज्याचे नाव आहे. सबब नमुना तपासता येत नाही.'

नव्या राज्याची लेबलं मागवली. ती येईपर्यंत बाटली साहेबांच्या टेबलावर उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, "साहेब, सरबत कोनतं हो?"

* * *

साहेब पाहणीला वस्तीत गेले की गयाबाई आग्रहानं पाणी विचारायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "नको बाई, आताच चहा झाला."

सकाळी गेले तरी आताच चहा झाला. भर दुपारी, घामानं सदरा भिजलेला, तरी आताच चहा झाला! अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा ठरलं होतं, पण नुकताच चहा पिणं गुन्हा नव्हता ना! एकदा मी साहेबांच्या मागेच उभा होतो. गयाबाईनं मलाच विचारलं, "काहो बाबू, साहेबाच्या घरी चहाचा नळ हाय काय?"

साहेब त्या दिवशी चहा न घेताच घरी गेले.

* * *

मग मुंबईहून नव्या नियमांचा मसुदा आला. त्यात 'रंग' हा शब्द होता! मला इतका आनंद झाला की मी तो वस्तीत जाऊन वाचून दाखवणार होतो. पण साहेब म्हणाले, "थांबा. आधी हरकती आणि सूचना. मसुदा संबंधित जागी चिकटवा."

संबंधित जागा म्हणजे नाला. आता नाल्याला काय चिकटवणार? जवळात जवळची भिंत शेठच्या कारखान्याची, तीसुद्धा आतल्या अंगणाच्या बाजूची. शिपायानं तिथे डिंक लावला. अख्ख्या गावातून एकच सूचना आली, शेठची! 'रंग तपासणीच्या वेळी डोळ्यांस दिसल्यासच धरावा, आणि तपासणीची आगाऊ सूचना मालकास द्यावी.'

गयाबाईला कळलं तेव्हा ती धावत आली. साहेबांनी घड्याळ नाही, कॅलेंडर दाखवलं. "मुदत संपली, बाई."

"मुदत संपली, पन नाला कुठी संपला, साहेब?"

सूचना मंजूर होऊन आली. बाईचा प्रश्न कुठल्या फाईलला लावायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी मला साहेबांचा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

* * *

नव्या नियमाचा अंमल चोख झाला. आम्ही शेठला आगाऊ सूचना द्यायचो, शेठ रंगाच्या हौदाला बूच मारायचे आणि आपल्या विहिरीचं पाणी पंपानं नाल्यात सोडायचे. आम्ही पोचायच्या वेळी नाल्यात बगळे!

एकदा तहसीलदार अचानक येणार होते. आमच्या ऑफिसला पत्ता नाही. सकाळीच गयाबाईनं मला रस्त्यात अडवलं, "आज कोन मोठं येऊन राह्यलं, बाबू?"

"कोणी नाही. का?"

"झिरा साफ हाय ना! बाया पान्याचे गुंड भरून राह्यल्या. कोनी तरी येतेच."

दुपारी तहसीलदारांची जीप आली. तेव्हापासून हिरुळकर साहेबसुद्धा सकाळी फिरायला नाल्याकडे जाऊ लागले.

* * *

महाराष्ट्र झाला आणि नियम पुन्हा सुधारायचे ठरले. शेठनं अर्ज केला, की इथलं पाणी स्वच्छ असल्यानं या नाल्याला नियमांतून कायमचं वगळावं. पाहणीला मुंबईचे मोठे साहेब यायचे होते. त्यांनी 'पाणी स्वच्छ' असं लिहिलं की विषय संपला. मग गयाबाईला नळही नाही आणि तक्रारही नाही.

मोठे साहेब आले ते शुक्रवारी. नाला आरशासारखा. आदल्या दिवशी झाडूवाल्यांकडून झिरेही उपसून घेतले होते. मोठे साहेब खूश झाले. फाईलवर पेन टेकवणार, तेवढ्यात वस्तीतली माणसं जमलेली पाहून त्यांना भाषणाची उबळ आली. समता, बंधुता, नवं राज्य! शेवटी हात उंचावून म्हणाले, "मी जातपात मानत नाही. बाई, मला तुमच्या हातचं पाणी द्या!"

हिरुळकर साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गयाबाई घरात गेली. घासून लख्ख केलेला पितळी तांब्या घेऊन आली, वर वाटी झाकलेली. मोठ्या साहेबांनी ऐटीत वाटी काढली.

आत लालभडक.

"हे काय आहे?"

"पानी हाय, साहेब. मंगयवारचं. आज तुमी येनार म्हनून नाला साफ हाय. आमी तं मंगयवारीबी पेतो."

मोठ्या साहेबांनी तांब्यात पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, मग पेन खिशाला लावलं. तांब्या तसाच शेठपुढे धरला.

"घ्या, शेठ. पाणी स्वच्छ आहे असा तुमचाच अर्ज आहे ना?"

शेठ दोन पावलं मागे सरले. हात जोडून म्हणाले,

"नको साहेब, आताच चहा झाला!"