सातबारा, टमाटे आणि क्युबिट

“क्वांटम संगणक कोणतीही डिजिटल स्वाक्षरी फोडू शकतो. सबब वादीचा सातबारा ग्राह्य धरू नये,” प्रतिपक्षाचे तरुण वकील मेहकरच्या न्यायालयात म्हणाले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझ्या पक्षकार कौसल्याबाई. शेजाऱ्याने चर खोदून त्यांच्या शेताचा रस्ता बंद केला होता. रस्त्याचा हक्क डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर नोंदलेला होता. त्या आधारे अडथळा दूर करण्याचा तात्पुरता हुकूम आम्ही मागितला होता. न्यायालयाने माझ्या उत्तरासाठी सोमवार नेमला.

“वकीलसाहेब, टमाटे सडून राह्यले हो,” बाई बाहेर येताच म्हणाल्या. “सोमवारी तरी गाडी निंघन का नाही?”

त्याच सायंकाळी मी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका वानखेडे मॅडमना क्वांटम संगणकाविषयी पाच पानी पत्र धाडले. दुसऱ्या दिवशी त्या ते घेऊन ऑफिसात हजर.

“काय हो, यात तर तुम्ही मलाच आरोपी केलं!” त्या हसल्या. “आणि पहिलाच परिच्छेद चूक. हे यंत्र सगळ्या किल्ल्या एकदम लावून पाहत नाही.”

“मग करते काय?”

मॅडमनी समजावले: साध्या संगणकाचा बिट शून्य असतो किंवा एक. क्वांटम संगणकाचा क्युबिट दोन्हींच्या एकत्रित अवस्थेत राहू शकतो. मोजला की मात्र एकच उत्तर हाती येते.

“म्हणजे निकाल न लागलेला दावा!” मी टेबलावर थाप मारली.

“नाही. दाव्यातलं सत्य ठरलेलंच असतं, फक्त तुम्हाला माहीत नसतं. इथं ते मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं. विहिरीत दोन दगड टाका. काही ठिकाणी लाटा एकमेकींना वाढवतात, काही ठिकाणी पुसतात. क्युबिटच्या शक्यताही अशाच वागतात. चुकीची उत्तरं पुसली जावीत आणि बरोबर उरावं, अशी लाटांची मांडणी करणं हीच सगळी कला. स्वाक्षरी फोडायला असे पुष्कळ, न चुकणारे क्युबिट लागतात. आजच्या यंत्रांचे फार चुकतात.”

मी खुर्चीतून उठलोच. इतकी वर्षे वकिली केली. असत्याने असत्य खोडणारे यंत्र प्रथमच ऐकत होतो!

सोमवारी मी विहीर, दगड, लाटा, सारे मांडले. “शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. स्वाक्षरी फोडली गेली असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे!” माझा आवाज बहुधा व्हरांड्यापर्यंत गेला असावा.

न्यायाधीशांनी शांतपणे प्रतिपक्षाची फाईल उलटली आणि तरुण वकिलांकडे पाहिले. “वकीलसाहेब, आपल्या अशिलाचा सातबारा कुठून काढला?”

“पोर्टलवरून, महोदय.”

“म्हणजे त्यावरही डिजिटल स्वाक्षरीच. तोही बाद करू?”

तरुण वकील खाली बसले. हुकूम मिळाला. सायंकाळी चर बुजला आणि टमाट्यांची गाडी रस्त्याला लागली.

प्रतिपक्षाच्या त्या सातबाऱ्याची प्रत माझ्याही फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून होती. क्वांटम अवश्य शिकावे. परंतु तत्पूर्वी प्रतिपक्षाचे कागद वाचावेत.