डेअरीवर सांगितलेली गोष्ट

दौंडहून आलेला तो वकील शिरूरच्या कोर्टात नवा, तरी अशील त्याच्याभोवतीच घोटाळायचे. माझ्या पोटात दुखायचं. इतकी वर्षं त्याच बाकावर बसून मी काय शेंगा सोलत होते?

त्यात वडगाव रासाईकडच्या त्या शेतकऱ्याची केस. आधी ती माझ्याकडे होती. रानडुकरांपासून मका राखायला त्यानं उघड्या तारेत वीज सोडली आणि तिला चिकटून त्याचा चुलतभाऊ गेला. दोघांचा बांधावरून जुना वाद, त्यामुळे मुद्दाम मारलं असं गावभर झालं.

हेतू सिद्ध होणं अवघडच होतं. भीती होती ती जाणिवेची. जीव जाऊ शकतो हे त्याला ठाऊक होतं असं दिसलं, तर सदोष मनुष्यवध आणि कित्येक वर्षं तुरुंग. नाहीतर नुसता निष्काळजीपणा, थोडक्यात सुटका. आणि हा बाबा रोज डेअरीवर दूध घालताना सगळ्यांना बजावायचा, "मकंला करंट सोडलाय, तिकडं फिरकू नका."

मी त्याला दटावलं, "हे कोर्टात अजिबात काढायचं नाही. बजावलंत म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यानं मान हलवली आणि थोड्याच दिवसांत दौंडकराला वकील केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दौंडकरानं नेमके डेअरीवरचेच साक्षीदार उभे केले! निकालाच्या दिवशी मी मुद्दाम मागे जाऊन बसले, त्याला तोंडघशी पडताना बघायला. पडलाच. हेतू नव्हता, जाणीव होती, असं ठरलं आणि शिक्षा झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पोलीस शेतकऱ्याला व्हरांड्यातून नेत होते. मेलेल्या भावाची आई, म्हणजे त्याची चुलती, वाट अडवून उभी राहिली. पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिनं त्याच्या हातात दिली.

"माझ्या लेकालाबी सांगितलं व्हतंस. मला ठावंच नव्हतं रं," ती म्हणाली.

तो पाणी प्यायला आणि दौंडकराकडे वळला. "साहेब, शिक्षा हुईल हे तुम्ही आधीच सांगितलं व्हतं. पर चुलतीला कळलं. बास झालं."

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. केस हरलेल्या वकिलावर जळायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.