अ‍ॅशबर्नच्या कुरडया

मनोहरराव ढोक्यांना खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग यायचा, पण खोटं गोड करून बोलणाऱ्याची त्यांना शिसारी यायची. म्हणूनच जूनमधल्या त्या शनिवारी लेकीने लॅपटॉपवरून जे वाचून दाखवलं, ते ऐकून त्यांना राग आलाच नाही. नुसती शिसारी आली.

मजकूर इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर तो असा: 'मी कोळशाच्या राखेत वाढलो. आज मी आइसलँडच्या स्वच्छ विजेवर चालणारी इमारत सांभाळतो.' खाली नाव मनोहर ढोके, बाजूला फोटोसाठी रिकामी चौकट.

"कसं वाटलं, बाबा?" रीमाने विचारलं. "फर्स्ट पेजवर येणार तुम्ही. मंडे मॉर्निंगला बॉसला दाखवायचंय. फक्त तुमची साइन पाहिजे."

रीमा सव्वीस वर्षांची, जन्म इथलाच, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नचा. मोठ्या कंपन्यांचे पर्यावरण अहवाल लिहून देणाऱ्या एका संस्थेत ती कामाला होती. मनोहरराव ज्या कंपनीच्या डेटा सेंटरात बावीस वर्षं नोकरीला होते, तिचाच अहवाल या वर्षी तिच्या वाट्याला आला होता. पहिल्या पानावर बाप, ही कल्पना तिचीच. ती पसंत पडली तर बढती नक्की होती. दोन वर्षं ती या बढतीच्या मागे होती, आणि तिने हे घरात लपवलंही नव्हतं.

यातली राख मात्र खरी होती. नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत मनोहरराव लहानाचे मोठे झाले. वडील राख वाहून नेणाऱ्या विभागात मदतनीस, आई अंगठाबहाद्दर. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत तिने आयुष्यभर अंगठाच उठवला. उन्हाळ्यात ती गहू भिजवून, चीक काढून कुरडया घालायची आणि त्या वाळेपर्यंत वरून जुनं पातळ झाकून ठेवायची. तरीही राख आत शिरायचीच. तळलेली कुरडई पांढरीशुभ्र फुलायची, खाताना दाताखाली किरकिरायची, आणि वडील ती तशीच खायचे. वडील पुढे खोकून खोकून गेले. त्यांच्या तेराव्यालाही ताटात कुरडई होती आणि तीही किरकिरत होती. वीज मुंबईपुण्याकडे जायची, राख वसाहतीत राहायची, हे मनोहररावांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आइसलँडही खरं होतं. कंपनीचं एक केंद्र तिकडेही होतं. जनरेटर बसवायला म्हणून मनोहररावांना एकदा तिकडे सहा आठवडे पाठवलं होतं. तिथे त्यांनी काय पाहिलं? जमिनीतून वर येणाऱ्या वाफेवर फिरणारी टर्बाइनं पाहिली. धबधब्यांवरची वीजघरं पाहिली. घराघरांत नळाने येणारं कढत पाणी पाहिलं, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून ते बाथरूममध्ये एकटेच हसले. मग त्यांनी एक खुळेपणा केला. पांढरा शर्ट धुऊन बाहेर दोरीवर टाकला आणि मुद्दाम चार दिवस काढलाच नाही. पाचव्या दिवशी कॉलर उलटून पाहिली तर शर्ट तसाच, दुधासारखा. मनोहरराव त्या शर्टाकडे पाहून रडले. आई हे पाहायला हवी होती, असं त्यांना वाटत राहिलं.

परत आल्यावर त्यांनी शाळकरी रीमाला ही शर्टाची गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती पाठ झाली. पर्यावरणाचं शिक्षण घ्यायचं तिने त्या शर्टामुळेच ठरवलं. मनोहररावांनाही त्याचा केवढा अभिमान. भेटेल त्याला सांगायचे.

"रीमा, आपल्या बिल्डिंगमध्ये आइसलँडची वीज कुठून आली?" त्यांनी विचारलं. "समुद्रातून वायर टाकली का कोणी?"

"बाबा, तसं नसतं ना. सर्टिफिकेट्स असतात. तिकडे क्लीन पॉवर बनते, त्याचं सर्टिफिकेट वेगळं विकतात. कंपनीने ती बाय केली. सगळ्या साइट्सचं टोटल एकत्र धरलं की आपण हंड्रेड पर्सेंट क्लीन."

"म्हणजे वीज तिकडेच राहते, अन् कागद इकडे येतो."

"सॉर्ट ऑफ. पण ते लीगल आहे."

"मग तिकडच्या लोकांकडे काय उरते?"

रीमाने खांदे उडवले. "ऑन पेपर, त्यांच्या वाट्याला थोडा कोळसा येतो. थोडी अणुऊर्जा. पण तो फक्त पेपर आहे, बाबा. एव्हरीबडी नोज."

मनोहररावांना किळस आली. ज्या देशात शर्ट चार दिवस पांढरा राहिला, त्या देशाच्या माथी कागदावर कोळसा. आणि इथे, जिथे छत्तीस डिझेल जनरेटर त्यांच्या स्वतःच्या देखरेखीखाली रांगेत उभे होते, तिथे धबधबे. इतका घाणेरडा व्यवहार इतक्या गुळगुळीत पानावर छापायचा, वर त्याला आपल्या मेलेल्या आईबापाची फोडणी द्यायची. आणि हे करणारी पोटची पोर.

पण किळस फक्त तिचीच आली असती तर बरं झालं असतं. मनोहररावांना स्वतःचीही आली. जनरेटरची महिन्याची चाचणी असते. इंजिनं चालवून पाहायची, धूर निघतो, नोंदवहीत वेळ लिहायची. पाहुणे यायच्या दिवशी ही चाचणी पुढे ढकलायची रीत खुद्द मनोहररावांनीच पाडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून केलं, साहेबाने पाठ थोपटली, आणि तेव्हापासून त्या इमारतीवरचं आकाश पाहुण्यांना नेहमी निळंच दिसलं. एकदा तर आइसलँडचेच चौघे आले होते. त्यांच्यासोबत गच्चीवर उभं राहून मनोहररावांनी फोटो काढून घेतला होता.

आणि या महिन्यात तर नऊ दिवस सलग डिझेल जळलं होतं. उष्णतेची लाट आली, घरोघरी एसी लागले, वीज पुरेना. ग्रिडवाल्यांनी सांगितलं, तुमचं तुम्ही बघा. मनोहररावांनी छत्तीसच्या छत्तीस जनरेटर चालू केले. नऊ दिवस. ढोक्यांच्या घरामागे झाडांची एक रांग होती, आणि रांगेपलीकडे ते जनरेटर.

"त्या नऊ दिवसांचं काय लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"इमर्जन्सी यूज. ते काउंट होत नाही." रीमाचा आवाज जरा चढला. "बाबा, प्लीज. तुम्हीच मला ती शर्टवाली स्टोरी सांगितली ना? मी तेच लिहितेय. माझ्यासाठी एक साइन करू शकत नाही तुम्ही?"

हा घाव बरोबर बसला. लेकीने आजवर बापाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. तिने छापील कागद टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. मनोहररावांनी पेन उचललं. खोटं सांगण्यात अर्थ नाही, त्या क्षणी ते सही करणार होते. सगळं जग करतं, आपणही पाहुण्यांसाठी केलंच की. पोरीसाठी करायला काय जातं?

तेवढ्यात रीमाची आई, पद्मिनीताई, स्वयंपाकघरातून ताटली घेऊन आल्या. "भांडण नंतर करा. आधी या खा. यंदाच्या आहेत, मागच्याच आठवड्यात वाळल्या."

कुरडया पद्मिनीताई दर उन्हाळ्यात मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, घालायच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा सासूने शिकवल्याप्रमाणे वरून ओढणी झाकायच्या. पहिल्याच वर्षी मनोहररावांनी ती ओढणी हसत हसत काढून टाकली होती. 'इथे कशाला झाकतेस? इथे राख नाही.' तेव्हापासून ढोक्यांच्या कुरडया उघड्यावर वाळत होत्या.

रीमाने एक मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला. दोनदा चावला आणि थांबली. तिचं नाक आक्रसलं.

"आई, तेल खराब आहे का? वास येतोय."

"नवी बाटली फोडली आज," पद्मिनीताई म्हणाल्या. "रंग जरा मळकट आलाय खरा. गहू जुना असेल."

मनोहररावांनी एक कुरडई उचलून नाकाशी नेली. बावीस वर्षं तो डिझेलचा वास अंगाला लावून ते घरी येत होते, त्यांना दुसऱ्यांदा हुंगायची गरज पडली नाही. आईच्या कुरडईसारखी ही किरकिरली नसती, एवढाच काय तो फरक.

पेन त्यांनी खाली ठेवलं. उठून डेकचं दार सरकवलं आणि बाहेर गेले. डेकच्या पांढऱ्या कठड्यावर त्यांनी उजवा अंगठा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. तशीच चार पावलं टाकत आत आले, आणि सहीच्या रेघेवर तो अंगठा दाबला.

काळा, तेलकट, रेषा न् रेषा स्पष्ट दिसणारा ठसा उमटला.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"सही मागितली ना तू. आमच्या घरी अशीच करून राहिले लोक." ते शांतपणे खुर्चीत बसले. "शाई विकत नाही आणली. आपल्या डेकवरचीच आहे. फर्स्ट पेजवर छाप, माझी काहीच हरकत नाही."

पद्मिनीताईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग उघड्या दारातून डेककडे, आणि मग हळूच ताटली लेकीसमोरून मागे ओढली.

रीमाने तो तुकडा पुन्हा चावलाच नव्हता. घास अजून तोंडातच होता. आईसमोर तो थुंकायची तिची छाती होईना. तिने डोळे मिटले आणि गिळला.