आभाळाकडे पाठ

दोन हजार एकवीसची दिवाळी. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या फोनने ठणाणा केला. सूर्यावरून निघालेला कणांचा लोट पृथ्वीवर येऊन धडकला होता, भूचुंबकीय वादळ उठलं होतं आणि आयर्लंडच्या आभाळात अरोरा, म्हणजे ते उत्तरेकडचे रंगीत उजेड, दिसण्याची दाट शक्यता होती. आई तबकात लाह्या-बत्तासे मांडत होती.

"आई, आटप!" मी ओरडले.

"पूजेला आटप म्हणतात का गं?" असं म्हणून तिनं मुद्दाम सावकाश आरती सुरू केली.

मला धीर कुठला! आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि कोविडने तिला दीड वर्ष इथे, ॲथलोन गावात डांबून ठेवलं. आल्या दिवसापासून तिचं एकच मागणं, तो उजेड मला एकदा दाखव. ट्रायपॉड काखोटीला मारून मी तिला कितीदा घेऊन निघाले, पण दर वेळी ढग. इथलं आभाळ म्हणजे वाळतच नाही अशी गोधडी. आता रविवारी तिचं परतीचं विमान होतं. या गुडघ्यांनी पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आणि बाहेर चक्क अमावास्येचं स्वच्छ, काळंभोर आभाळ होतं.

निघताना घोडं अडलं. लक्ष्मीपुढचा दिवा रात्रभर तेवायला हवा. तो फुंकणं तर सोडाच, 'विझव' हा शब्दही आईपुढे काढायची सोय नाही. पेटता ठेवून जावं तर भाड्याचं घर, लाकडी जमीन आणि उदबत्तीलासुद्धा बोंब मारणारा छतावरचा अलार्म.

"मी थांबते, तू जा," आई म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललेय मी!" मी कावले.

शेवटी तिनं लोणच्याची रुंद तोंडाची रिकामी बरणी काढली, पणती तिच्यात अलगद उतरवली आणि बरणी मांडीवर धरून गाडीत बसली. आयुष्यात मी इतकी हळू गाडी चालवली नव्हती.

गावाच्या उत्तरेला शॅनन नदी पसरून तिचं मोठं तळं होतं. काठावर दहा-बारा लोक कॅमेरे लावून उभे होते. पाण्यापलीकडे, आभाळात अगदी खाली, एक फिकट पट्टा दिसत होता.

"हेच का?" आई म्हणाली. "राखेसारखं दिसून राहिलं."

मी कॅमेऱ्याचं शटर थोडा वेळ उघडं ठेवून तिला पडद्यावर दाखवलं, तर तोच पट्टा हिरवागार. डोळ्यांना अंधारात रंग कमी कळतो, कॅमेऱ्याला कळतो, असं तिला समजावत होते तेवढ्यात लोकरीच्या टोपीतले एक आजोबा आले. आमच्या दिव्याने सगळ्यांचे फोटो बिघडत होते. बरणीत डोकावून ते जरा थबकले. विझवू नका, म्हणाले, नुसता झाकलात तरी ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत चालेल. "आई, झाक ना तो," असं म्हणून मी कॅमेऱ्यात डोकं घातलं.

आणि मग ते सुरू झालं. पट्ट्याची कड हिरवी झाली, कॅमेऱ्यात नव्हे, डोळ्यांना! तिच्यातून उजेडाचे खांब उभे राहिले, सरकायला लागले आणि त्यांच्या माथ्यावर लाली चढली. खाली तळ्यातही तेच. आवाज म्हणून नाही. एवढं मोठं काहीतरी इतकं गुपचूप चालू शकतं? माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी फोटो काढत होते आणि वेड्यासारखी बडबडत होते.

"आई, बघतेस ना? आई?"

वळून बघते तर आई गाडीजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसलेली, तळ्याकडे पाठ, मांडीवर बरणी, बरणीवर शाल धरलेली आणि तिच्यावर ओणवी झालेली.

"तू इकडे तोंड करून का बसलीस?"

"लोकांचे फोटो बिघडतात ना. तुझं होऊ दे, मग बघते मी."

"मग? ते काय थांबतं का आपल्यासाठी!" बरणी मी हिसकावूनच घेतली, जॅकेट उघडून पोटाशी धरली आणि गाडीकडे तोंड करून उकिडवी बसले. काच चांगलीच तापली होती.

"जा पाण्यापाशी."

"आणि तू?"

"जा म्हणते ना!"

खडीवर तिची पावलं करकरत गेली. मग सगळ्या काठानं एकदमच श्वास ओढला.

"बाप्पा!" आईचा आवाज. "बाप्पा, बाप्पा, बाप्पा! अगं, लाल झालं! डोक्यावर येऊन राहिलं! हललं गं, हललं!"

ती रडायला लागली, मोठ्यानं, अजिबात न लाजता, आणि रडता रडता सांगतच राहिली, कोणता खांब कुठे गेला, कोणता विरला, कोणता फिरून उगवला. मी जरा वळले की जॅकेटच्या फटीतून उजेड बाहेर सांडायचा. मी पुन्हा गाडीच्या दाराकडे तोंड केलं.

"अजून आहे का?" मी विचारलं.

"आहे, आहे!" ती ओरडली. "तू हलू नको गं, मी सांगते तुला."