शेवंतीवहिनींचे हात

आमच्या काळाचौकीच्या चाळीत फुगडी म्हणजे शेवंतीवहिनी. त्यांच्यासमोर उभी राहणारीने आधी घरच्यांचा निरोप घ्यावा, असं आम्ही म्हणायचो.

गिरण्यांचा संप लागला, नवऱ्याचा, राजारामभाऊंचा, कापड विणायचा साचा बंद पडला आणि वहिनी धक्क्यावर कोलंबी सोलायला जाऊ लागल्या. तिथे हातांना खाज धरली. काम सुटलं, खाज राहिली. दोन वर्षं झाली, दिसेल त्या कडेवर तळवे घासायच्या. डॉक्टर म्हणाले, ही दुसऱ्याला लागत नाही. पण आमच्या काशीबाई डॉक्टरांहून वयाने मोठ्या. त्यांनी खरूज ठरवली. झालं. वहिनी हात पदराखाली ठेवून बोलायला शिकल्या. मागच्या गौरीला त्यांची नेहमीची जोडीदारीण सुनेत्रा ‘कंबर धरलीय गो’ म्हणाली आणि दहा मिनिटांत दुसरीबरोबर गरगरली.

यंदा वहिनींनी नवऱ्याला सांगून टाकलं, "आज कोणी हात धरला नाही, तर मी गावाला जाऊन राहते."

दुपारी काशीबाईंच्या खोलीत गौरीपुढे जोड्या लागल्या. वहिनी दारालाच टेकून. सुनेत्रा पदर खोचून समोर आली.

"दे गो हात."

"खरखरीत झालेत."

"माका त्यांचो मुको घेवचो नाय. फुगडी घालूची हा."

चौथ्या फेऱ्यालाच खाज उठली. तळव्यात मुंग्यांचं वारूळ फुटल्यागत. बोटं सैल व्हायला लागली. हात सुटला असता तर सुनेत्रा थेट कोपऱ्यातल्या पाट्यावरच. वहिनींनी दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं.

"सोडू नको हां," गरगरताना सुनेत्रा म्हणाली, "आज कंबर खरोखरच धरलीय."

थांबल्या. धापा टाकत सुनेत्रा मोरीकडे निघाली. मोरीत साबण होता आणि खोलीतली प्रत्येक बाई त्या साबणाकडेच बघत होती. वहिनींचे हात पुन्हा पदराखाली गेले.

सुनेत्राने मोरीजवळच्या माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायली. वळली, आणि त्याच हाताने ताटातलं घावन तोडलं. अर्धं तोंडात घातलं, अर्धं वहिनींपुढे धरलं.

"खा. आणि नखां काप बये, ओरबाडलंस माका."

वहिनींनी घावन संपवलं. मग दोन्ही हात पदराबाहेर काढले आणि दाराच्या चौकटीवर, सगळ्यांच्या देखत, मनसोक्त घासले.

"जरा बेताने गो," काशीबाई म्हणाल्या, "रंग कालच लावलाय."