युसूफभाईंचा होकार

चिपळूणला माझी नोटरीची पाटी आहे, आणि मी फार किरकिरा नोटरी आहे. चष्मा काढा, वर बघा, सही माझ्यासमोर करा — म्हातारी माणसंसुद्धा माझ्या तावडीतून सुटत नाहीत. हा माणूस इतका का छळतो, असं लोक म्हणतात. का, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला होतो. एलएलबी झालेलो, पण तिथल्या मनामा शहरात एका वकिलाच्या ऑफिसात काम टायपिंगचं आणि साक्षीदाराचं. म्हणजे असं — नोटरीसमोर कागद करायचा तर माणसाला ओळखणारा कुणीतरी लागायचा. आपली कोकणातली मंडळी कामावरून धावतपळत यायची, ओळखणारा कुठून आणणार? मग मी. सकाळी भेटलेल्या माणसाला दुपारी "चांगला ओळखतो" म्हणून सांगायचो. पण हे तर रोजचंच — खरी गोष्ट पुढेच आहे. मीच टाळतोय.

युसूफभाई राजापूरचे, अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात रात्रपाळीला. त्यांना मात्र मी खरंच ओळखायचो. आईनं गावी मुलगी पसंत केलेली. निकाह तिकडे, नवरा इकडे, म्हणून त्यांच्या वतीनं कबूल म्हणायला मामाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवायचं होतं. आणि युसूफभाई? विचारलं की "इंशाल्ला, बघू." महिनोन्महिने तेच.

एक दिवस त्यांचा धाकटा भाऊ दाऊद त्यांचा पासपोर्ट घेऊन आला. चेहरा तोच, मिशी तीच. "भाईला लीव मिळत नाय, वकीलसाहेब. तिकडं मांडव पडलाय. तुम्ही मनात आणलं तर..."

वकीलसाहेब! त्या ऑफिसात मला चहावालासुद्धा वकील म्हणत नव्हता. भाईनं हो म्हटलंय का, एवढं विचारायला काय झालं होतं? नाही विचारलं. इतक्या अनोळखी माणसांना ओळख दिली मी — आणि ज्याला खरंच ओळखत होतो, त्याच्या जागी दुसराच उभा असताना नोटरीला म्हणालो, हेच ते युसूफ.

निकाह झाला. आईचा मुबारकबादीचा फोन आला, आणि युसूफभाई थेट माझ्या टेबलाशी. "माझं लग्न झालं म्हणतात. मी सही केव्हा केली?"

नोकरी, व्हिसा — सगळं खलास. खरं सांगून माफी मागायची होती ना? मी म्हणालो काय तर, "अहो, तुम्हीच आला होतात! रात्रपाळीवरून सरळ. उभ्या उभ्या पेंगत होतात."

त्यांनी डोकं खाजवलं. हा गृहस्थ कंपनीच्या बसमध्ये असा झोपायचा, की खोलीजवळ उम्म अल हस्समला उतरायचं राहून बसबरोबर परत अस्करला पोचायचा. "असेल," म्हणाले, आणि निमूटपणे मिठाई आणायला गेले. ते गेल्यावर मी पोट धरून हसलो. एका माणसाचं लग्न त्याला न विचारता लावलं, आणि वर हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात ते घराच्या प्रतिज्ञापत्रासाठी माझ्याकडे आले होते. सोबत भाभी. भाभी माझ्या टायपिस्टला कौतुकानं सांगत होत्या, "नाइट करून, डोळ्याला डोळा न लावता सही करायला गेले होते माझ्यासाठी. कधी यांचा राग आला ना, की मी तेवढंच आठवते."

युसूफभाई ऐटीत माझ्याकडे वळले. "साक्षीदार इथंच बसलाय. सांगा, वकीलसाहेब."

आता मी खरा वकील, खरा नोटरी. भाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "माझ्यासमोरच केली." आणि त्यांच्या कागदावर शिक्का मारला.